बीदरच्या बारा काचा

अहो, तुमचा निरोप मी दिलेला नाही.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात नर्सने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क घटकाभर काढला, तेव्हा तुम्ही मला खुणेने जवळ बोलावलंत. मला वाटलं पाणी मागाल. तुम्ही म्हणालात, "श्रीधरला सांग, मी त्याला माफ केलं." एवढं बोलायला तुम्हाला तीन वेळा श्वास घ्यावा लागला. मी म्हटलं, "सांगते." तुम्ही डोळे मिटलेत. तुमच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की मला ते बघवेना. मी उठून खिडकीशी गेले आणि खालच्या बसेस बघत उभी राहिले.

तुम्हाला जाऊन परवा महिना होईल. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी चार शब्द लिहून द्या म्हणून लोक घरी आले होते. त्यांना तुमचा स्वभाव, तुमची दुकानदारी, तुमचा जुन्या फोटोंचा नाद असं काही पाहिजे होतं. मी चौथी शिकलेली बाई, मला सजवून लिहिता येत नाही. पण तीस वर्षांपूर्वी आपल्या घरात काय झालं ते मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे माहीत आहे असं त्यांना वाटतं. म्हणून इथेच लिहिते, आणि तुम्हालाच लिहिते, कारण हे तुम्हाला सांगायचं होतं.

निपाणीहून लग्न होऊन आले तेव्हा चिकपेटेत आपलं फ्रेमांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे संसार, वर माडी. माडीवर तुमच्या आजोबांच्या अकरा पेट्या होत्या. प्रत्येक पेटीत फोटोंच्या बारा काचा, खाचांमध्ये उभ्या लावलेल्या. तुम्ही मला पहिल्यांदा वर नेलंत तेव्हा मला वाटलं दागिने दाखवताय. तुम्ही एक काच काढून उजेडाकडे धरलीत आणि म्हणालात, "हा विजापूरचा घुमट." मला काळोख्या ढगासारखं काहीतरी दिसलं. "उलटा आहे," तुम्ही म्हणालात, "जे काळं दिसतं ते पांढरं समजायचं." मी मनात म्हटलं, कुठल्या घरात पडले मी.

तुमचे आजोबा गावातल्या एका साहेबाच्या स्टुडिओत कामाला होते. तिथे मेमसाहेबांचे फोटो काढून कंटाळले आणि स्वतःचा लाकडी कॅमेरा घेऊन विजापूर, गुलबर्गा, बीदर करत निघाले. आगगाडी जिथवर जाईल तिथवर आगगाडी, पुढे बैलगाडी. काचा कडब्यात ठेवलेल्या. काच बदलायला काळोख लागायचा म्हणून दोन कांबळी अंगावर घेऊन आत घुसायचे. उन्हाळ्यात. हे सगळं तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंत की ती कांबळी मलाच बोचायला लागली.

त्या अकरा पेट्यांमध्ये मशिदी, कबरी, किल्ले, कमानी. दुसरं काही नाही. मंडळात तुम्ही एकदा हे फोटो दाखवलेत तेव्हा एक गृहस्थ उठून म्हणाले, "आपली देवळं सोडून आजोबांना या कबरीच का हो सुचल्या?" तुम्ही म्हणालात, "देवळात पुजारी कॅमेरा आत घेऊ देईनात. दर्ग्यात चहा मिळाला." सगळे हसले. घरी आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "चहाचं मी घुसडलं." मग खरं काय, मी विचारलं. "त्यांना सावली आवडायची. कमानीत सावली जशी वळते तशी कुठे वळत नाही." हे तिथे का नाही सांगितलंत, तर म्हणे, "हे कोण ऐकणार?" मी ऐकलं, पण तेव्हा मी तांदूळ निवडत होते, आणि तुम्हाला वाटलं माझं लक्ष नाही.

आपलं भांडण मात्र दुसरंच. बहुतेक फोटोंत दाराशी एक माणूस उभा असायचा. डोक्याला फेटा, हातात चाबूक. तो आजोबांचा गाडीवान. मी विचारलं, त्याचं नाव काय? तुम्ही म्हणालात, लिहिलेलं नाही, तो प्रमाणासाठी आहे, त्याच्यामुळे दार किती उंच ते कळतं.

"म्हणजे फूटपट्टी."

"फूटपट्टीच समज."

"एवढ्या घुमटांची नावं लिहिली, आणि ज्याच्या बैलांनी तिथवर ओढत नेलं त्याचं नाही?"

"इंदू, तुला ना, फोटोत नेमकं चुकीचं दिसतं."

तुम्हाला माझं बोलणं लागलं होतं, कारण नंतर तुम्ही आजोबांची टिपणं पुन्हा चाळलीत. नाव मिळालं नाही. पण एका ठिकाणी लिहिलेलं सापडलं: पेटी सात, काच नऊ, बीदरच्या मदरशाच्या दाराशी मी स्वतः उभा, कॅमेऱ्याचं झाकण गाडीवानाने काढलं. आजोबांचा तरुणपणीचा तेवढा एकच फोटो. त्याचा मोठा कागदी फोटो करून दुकानात लावायचा असं तुम्ही ठरवलंत. दरवर्षी ठरवायचात.

आता तुमच्याबद्दल एक चांगलं लिहिते, मग राहून जाईल. काच कापायला मला तुम्ही शिकवलंत. हिऱ्याची लेखणी हातात देऊन म्हणालात, घाबरू नकोस, एकच रेघ, मागे फिरायचं नाही. दोन वर्षांत मी तुमच्याहून सरळ कापायला लागले. दुसरा नवरा असता तर गप्प राहिला असता. तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचात, "घाईचं असेल तर मी करतो, नीट पाहिजे असेल तर ही करेल." माझं काम तुम्ही कधी तपासलं नाहीत. तपासायला पाहिजे होतं.

बिघडलेल्या काचा धुऊन फ्रेमांना लावायची रीत आपल्या घरात सासऱ्यांपासूनची. जुनी काच नव्यापेक्षा पातळ आणि साफ. बंबाशेजारच्या कोनाड्यात जे ठेवलेलं असेल ते धुवायचं, हे सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी दाखवलं. गरम पाणी, मूठभर धुण्याचा सोडा, थोडा वेळ ठेवायचं, की वरचा फोटोचा थर सुटतो.

त्या वर्षी श्रावणात माडी गळत होती. पेटी सात भिजू नये म्हणून तुम्ही ती खाली आणलीत आणि त्याच कोनाड्यात ठेवलीत. मला सांगितलं नाहीत. तुमचं अर्धं मन गुलबर्ग्याच्या बसमध्ये जाऊन बसलं होतं. आजोबांनी कॅमेरा जिथे ठेवला नेमक्या त्याच जागी उभं राहून, तीच सावली पडेपर्यंत थांबून, तुम्हाला आपला फोटो काढायचा होता. पंधरा दिवसांसाठी गेलात. वरमहालक्ष्मीचा शुक्रवार आठ दिवसांवर, लक्ष्मीच्या फोटोंसाठी दारात गिऱ्हाइकांची रांग, आणि लॉऱ्यांचा संप, म्हणून काच येत नाही. आपली पोर मीना तापाने फणफणलेली.

मी कोनाड्यातली पेटी काढली. पहिल्या दोन काचा न बघता पाण्यात सोडल्या. तिसरी उजेडाकडे धरली. आतापर्यंत सगळ्यांना वाटू शकतं की बाईची चूक झाली. तिथे थांबले असते तर ती चूकच होती. पण तिसरी काच धरली तेव्हा मला कळलं. कमान स्वच्छ दिसत होती, एकेक फरशी मोजून घ्यावी अशी. बिघडलेली काच अशी नसते. बाहेर एक बाई ओरडत होती, "अक्का, आज देणार की नाही?" आत पोर रडत होतं. आणि तुम्ही तिकडे कबरींच्या सावल्या मोजत होतात. मला राग आला. मी ती पाण्यात सोडली आणि पुढची घेतली.

नववी काच मला आठवते. दाराशी एक माणूस उभा. धोतर काळं, चेहरा पांढरा, म्हणजे खरं तर उलटं. हातात चाबूक नव्हता, फेटा नव्हता. मी ओळखलं. ओळखून पाण्यात सोडली. थर साईसारखा सुटला. तो माणूस मोरीच्या जाळीवर घटकाभर अडकला, मी वरून तांब्या ओतला आणि तो गेला.

अकरा काचांच्या फ्रेमा विकल्या. नववी विकवेना. ती सासूबाईंच्या फोटोला लावली. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं आणि त्यांचा फोटो नुसताच भिंतीला होता.

महिन्याभराने तुम्ही पेटी माडीवर शोधायला लागलात; आपणच ती खाली आणली होती हे तुम्ही पार विसरला होतात. त्या दिवशी रिकामी पेटी मी बंबात घातली. मग तुम्हाला आठवलं, की तुमच्या धाकट्या भावाने, श्रीधर भाऊजींनी, तुम्ही गुलबर्ग्याला जाण्याआधी जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला घरी आणलं होतं. विकून टाक अण्णा, माडी तरी दुरुस्त होईल, असं ते म्हणाले होते.

"त्याला तूच आणलंस ना?" तुम्ही विचारलंत.

"आणला. तू नको म्हणालास, तो गेला. विषय संपला."

"मग पेटी सात कुठे आहे?"

"मला काय विचारतोस? मी माडीवर चढतो तरी का? वहिनींना विचार."

तुम्ही माझ्याकडे वळलात. मी भाकरी थापत होते. "इंदू, हा चढला होता का वर?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

एवढंच. मी त्यांच्यावर आळ घेतला नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण आळ घ्यायला तेवढे तीन शब्द पुरले. भाऊजी त्याच आठवड्यात घर सोडून गेले. पुढच्या महिन्यात सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला आले, तर तुम्ही त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवलंत. मंडळात, लग्नकार्यांत, सगळीकडे तेच. आजोबांचा ठेवा विकून खाल्ला. कुणी माझ्यासमोर बोललं की मी ताटं वाढायला उठायचे.

पहिल्या दिवशी भीती वाटली. नंतर सवय झाली. सवय भीतीपेक्षा वाईट.

एकदा सांगणार होते. तुम्ही मला विजापूरला नेलंत तेव्हा. आजोबांच्या कॅमेऱ्याच्या जागेवर उसाच्या रसाचं दुकान झालं होतं. तुम्ही त्या माणसाला म्हणालात, "स्वल्प टेबल सरकवता का, इथे माझे आजोबा उभे होते." तो म्हणाला, "सरकवतो, पण आधी रस प्या. आजोबांचाही एक घ्या." तुम्ही खरंच तीन पेले घेतलेत. मग गोल घुमटाच्या त्या पायऱ्या चढलो. माझे गुडघे तेव्हाच गेले होते. वर गॅलरीत तुम्ही मला भिंतीशी बसवलंत आणि म्हणालात, मी पलीकडे जातो, तू भिंतीला तोंड लावून हळू बोल, मला ऐकू येईल. तुम्ही गेलात. पार समोर, एवढेसे दिसत होतात. भिंतीला कान लावून माझ्याकडे पाठ करून उभे.

माझ्या मनात आलं, इथे सांगावं. तोंड बघायला लागणार नाही. तुम्ही पळत आलात तरी येईपर्यंत वेळ लागेल. मी भिंतीला तोंड लावलं. भिंत गार होती. आणि मी म्हटलं, "भूक लागलीय."

तुम्ही लहान पोरासारखे धावत आलात. "अगदी कानात बोललीस! अगदी कानात!" पिशवीतून केळी काढून दिलीत. मी दोन खाल्ली.

तुम्ही गेल्यावर सायलीचा फोन आला. तीच, मूळची पुण्याची, जुन्या फोटोंच्या संस्थेतली. कोरमंगलाहून स्कूटीवर यायची आणि तुम्ही तिला तासन्‌तास काचा दाखवत बसायचात. "आजी, आजोबांनी सगळं कलेक्शन आम्हाला द्यायचं ठरवलं होतं ना, पेट्या आणि ती रजिस्टरची वही. दोन आठवड्यांनी आले तर चालेल?" मी म्हटलं, ये. मग तुमची वही उघडून बघितली. मी ती कधी उघडली नव्हती. पेटी सातच्या पानावर तुमच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: "बीदर, बारा काचा. धाकटा भाऊ श्रीधर याने परस्पर विकल्या."

गाडीवानाचं नाव कुठेच नाही. भाऊजींचं आहे. आणि आता ही वही संस्थेत जाणार, शिकलेली माणसं ती वाचणार, आपण सगळे मेल्यावरही भाऊजी तिथे चोरच राहणार.

मीनाला हुबळीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबा गेले, काका ऐंशीला आले. आता कशाला उकरतेस?" पोरगी माझीच आहे.

मी बेळ्ळंदूरला गेले. रिक्षा दोन तास रिंग रोडवर उभीच होती. भाऊजी लेकीकडे अकराव्या मजल्यावर राहतात. गेटवरच्या माणसाने विचारलं, कोण लागता? मी म्हटलं, वहिनी. तीस वर्षांनी तोंडातून तो शब्द निघाला. भाऊजी गॅलरीत बसले होते. खाली तळं, त्यावर सांडपाण्याचा फेस. ते तुमच्यासारखे दिसायला लागलेत. स्मशानात दूर उभे होते तेव्हा मी नीट बघितलं नव्हतं.

"वहिनी, एकट्या आलात?"

"तुमच्या अण्णांनी निरोप दिला होता."

ते सरळ बसले. खुर्चीचे हात धरले. तीस वर्षं हा माणूस याच वाक्याची वाट बघत होता. तेव्हा मला समजलं की तुमचा निरोप दिला तर ते तो घेतील. न केलेल्या गोष्टीची माफी ते घेतील, कारण ती तुमच्याकडून आलीय. आणि मी सुटेन.

मी म्हटलं, "तो निरोप मी देणार नाही. तो चुकीच्या माणसाला दिलेला आहे." मग सगळं सांगितलं. कोनाडा, सोडा, तिसरी काच, बंब. काही लपवलं नाही.

त्यांच्या लेकीने कॉफी आणली. ते तिला म्हणाले, आत जा. मग मला म्हणाले, "त्या दिवशी मी तुमच्याकडे बघितलं होतं. तुम्ही भाकरी थापत होता."

"हो."

"हात थांबला नाही तुमचा."

"नाही."

"निरोप काय होता? माफ केलं म्हणाला असेल."

मी खाली तळ्याकडे बघितलं.

"वाटलंच," ते म्हणाले. "अण्णा मोठ्या मनाचा." हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं तो इथे लिहिता येत नाही. मग म्हणाले, "वहीत लिहिलं असेल त्याने. त्याला सगळं लिहून ठेवायची खोड."

"लिहिलंय."

"मग तुम्हीही लिहा. नाव घालून. आणि वहिनी, एवढ्यात परत येऊ नका."

मी उठले. कॉफी तशीच राहिली. दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाले, "या वेळेला रिक्षा मिळणार नाही. पोरीला गाडी मागवायला सांगतो." गाडी येईपर्यंत ते माझ्याकडे पाठ करून तळं बघत बसले.

काल सायली आली. मी वही समोर घेतली आणि तुमची ओळ खोडायला पट्टी शोधू लागले. तिने माझा हात धरला. "आजी, खोडू नका प्लीज. ओरिजिनल एन्ट्री तशीच ठेवायची असते. खाली लिहा, सही करा, तारीख घाला." म्हणजे तुमचं लिहिणंही राहणार. राहू दे. त्याखाली मी लिहिलं: "वरील मजकूर खोटा आहे. या बारा काचा चोरीला गेल्या नाहीत. त्या मी सोडा घालून धुतल्या आणि फ्रेमांना लावल्या. तिसऱ्या काचेपासून मला कळत होतं. श्रीधर यांचा काही संबंध नाही. इंदुमती." माझं अक्षर तुमच्यासारखं नाही. ओळ वर चढली. पण वाचता येतं.

सायलीने दोनदा वाचलं. मला वाटलं बोलेल काहीतरी. तिने विचारलं, "त्यातली एखादी काच उरलीय का कुठे?" मी भिंतीकडे बोट केलं. तिचे डोळे लकाकले. म्हणाली, कधी कधी काचेवर डाग राहतो, पुसट बाह्यरेषा दिसते. सासूबाईंचा फोटो खाली घेतला, मागचे खिळे मीच काढले. तिने काच खिडकीशी धरली. मागे काळं कापड धरलं. मोबाईलचा दिवा लावला, या बाजूने, त्या बाजूने, तिरका. मीही बघत होते. इतकं निरखून मी आयुष्यात काही बघितलं नव्हतं.

"काहीच नाहीये, आजी."

"नसणारच. मी नीट धुते."

तरी ती काच घेऊन गेली. कागदात गुंडाळली, वर चिठ्ठी लावली, पेटी सात, काच नऊ. सासूबाईंचा फोटो आता उघडाच आहे. रोज सकाळी आंघोळ झाली की तुम्ही त्याच्यासमोर उभे राहायचात, हार घालायच्या आधी धोतराच्या टोकाने काच पुसायचात. ज्या काचेसाठी भावाला घराबाहेर काढलंत ती काच तुम्ही तीस वर्षं पुसत होतात, आणि मी मागे पोळ्या लाटत ते बघत होते.

संध्याकाळी भाऊजींना फोन केला. म्हटलं, लिहिलं. ते म्हणाले, वाचून दाखवा. कागदावर उतरवून घेतलं होतं, ते वाचलं.

"सही केलीत?"

"केली."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तुमचा निरोप माझ्याकडेच आहे. भाऊजींना तो नको, आणि माझ्या नावाने तुम्ही तो दिला नाहीत. दवाखान्यात त्या दिवशी तुम्हाला खरं सांगितलं असतं, तर तुम्ही तेच शब्द माझ्यासाठी म्हटले असतेत का? मला माहीत नाही. तीस वर्षांपूर्वी मी हेच म्हटलं होतं. तेव्हा माहीत होतं. आता खरंच माहीत नाही.